खुणेचा अर्थ कागदावरच असू द्या

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपच्या गाळ्यात लेथजवळ ड्रॉइंगचा कागद लावलेला असतो. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, कडेला तेलाचे डाग पडलेला. त्यावर पूर्ण वाक्य असं जवळपास नसतंच. एक छोटं वर्तुळ, त्याला छेदून जाणारी तिरकी रेघ, पुढे २५ हा आकडा, मग कॅपिटल एच आणि ७. टर्नर त्यावर नजर टाकतो आणि कामाला लागतो. या चार खुणांनी त्याला काय काय सांगितलं, ते जरा सावकाश पाहू.

तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ म्हणजे व्यास. २५ हे त्या व्यासाचं मूळ माप, मिलिमीटरमध्ये. अक्षर कॅपिटल आहे, म्हणजे हे माप भोकाचं आहे. शाफ्टचं असतं तर अक्षर स्मॉल आलं असतं. एच हे अक्षर बजावतं की भोक २५ पेक्षा एक मायक्रॉननेही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागानेही, लहान चालणार नाही, जी काही सूट आहे ती फक्त वरच्या अंगाला आहे. आणि ती सूट किती, हे ७ हा आकडा सांगतो. या मापाच्या भोकाला ती ०.०२१ मिलिमीटर असते. म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ या दोन मापांमध्ये कुठेही बसलं तरी पास, बाहेर गेलं की जॉब रिजेक्ट.

आता त्याच भोकात बसणाऱ्या शाफ्टच्या मापाशेजारी स्मॉल जी आणि ६ लिहिलं असेल, तर शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ हवा. तो भोकात हलकेच सरकतो, कारण मध्ये कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची फट राहते. तिथेच जीऐवजी पी लिहिलं, तर शाफ्ट २५.०२२ ते २५.०३५ होतो. म्हणजे भोकापेक्षा तो नेहमीच जाड. हाताने तो बसणार नाही, प्रेसखाली दाबून बसवावा लागेल, आणि बसल्यावर सहजी निघणार नाही. एका अक्षराच्या फरकाने सरकणारा भाग घट्ट रुतणारा झाला. अक्षर तेच ठेवून कॅपिटल एचऐवजी स्मॉल एच लिहिला, तरी अर्थ पालटतो: २५ पेक्षा एकवीस मायक्रॉन वर जायची मुभा होती, ती एकवीस मायक्रॉन खाली उतरायची मुभा होते.

ही लिपी आंतरराष्ट्रीय आहे. भारतात ती आयएस ९१९ या मानकात नोंदलेली आहे. ठाण्यातला टर्नर ती वाचतो आणि स्टुटगार्टमधलाही वाचतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, तिचा सोहळा वागळे इस्टेटमध्येच झाला. तेव्हापासून या वसाहतीच्या नंबरांच्या रस्त्यांवर असे किती कागद फिरले असतील, याची गणती नाही. वसाहतीतच आयटीआय आहे, तिथे फिटर-टर्नर होणाऱ्या मुलांना हत्यार चालवण्याबरोबर ड्रॉइंग वाचायलाही शिकवतात. दहावी झालेला मुलगा ही लिपी शिकू शकतो, कारण तिच्यातल्या प्रत्येक खुणेचा अर्थ कुठेतरी स्पष्ट लिहून ठेवलेला आहे आणि तो कुठे सापडेल हे कागदच सांगतो.

आपल्या प्रबंधांमध्ये, शोधनिबंधांमध्ये, अभियांत्रिकीच्या नोट्समध्ये आणि मराठीतल्या विज्ञानलेखनात ही शिस्त फार कमी दिसते. सूत्र असतं, अक्षरं असतात, अर्थ मात्र लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहून गेलेला असतो. लेथजवळच्या त्या कागदाकडून लिहिणाऱ्यांना बरंच घेता येईल.

कोपऱ्यातली चौकट

ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, टायटल ब्लॉक. भागाचं नाव, मटेरियल, स्केल, ड्रॉइंग नंबर, कोणी काढलं, कोणी तपासलं, कितवी सुधारणा, हे सगळं तिच्यात येतं. सर्व मापं मिलिमीटरमध्ये आहेत, हेही तिच्यातच किंवा तिच्याशेजारी लिहिलेलं असतं. म्हणून वर प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहावं लागत नाही. ज्या मापांना वेगळी सूट दिलेली नाही त्यांना कोणती सूट धरायची, हेही इथेच ठरतं. आयएस २१०२ मधला मध्यम दर्जा असं लिहिलं असेल, तर ५० मिलिमीटरच्या साध्या मापाला ±०.३ मिलिमीटर चालतं. जे लिहिलेलं नाही त्याचंही काय करायचं, ते लिहिलेलं आहे. चांगल्या खुणांची ही पहिली कसोटी म्हणता येईल.

याच चौकटीत आणखी एक छोटं चित्र असतं: एका बाजूला एकात एक दोन वर्तुळं, दुसऱ्या बाजूला टोक छाटलेला आडवा शंकू. नवख्याला ती नक्षी वाटते, पण सगळ्या ड्रॉइंगचा अर्थ त्या चित्रावर टेकलेला असतो. वस्तूचे निरनिराळ्या बाजूंनी दिसणारे आकार कागदावर मांडायच्या दोन रीती आहेत, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. समजा, एका ठोकळ्याच्या एका अंगाला आरपार न जाणारं भोक आहे. समोरचं दृश्य मधोमध काढलं आणि भोकाचं वर्तुळ दाखवणारं दुसरं दृश्य त्याच्या उजवीकडे काढलं. थर्ड अँगलने वाचलं, तर उजवीकडचं दृश्य म्हणजे उजवीकडून पाहिलेलं, म्हणून भोक उजव्या अंगाला. फर्स्ट अँगलने वाचलं, तर उजवीकडचं दृश्य म्हणजे डावीकडून पाहिलेलं, म्हणून भोक डाव्या अंगाला. रेषा त्याच, मापं तीच, आणि भोक मात्र उलट्या बाजूला. अनुभवी माणूस तुटक रेषांवरून खरं काय ते ताडेल, पण ड्रॉइंग ताडून घ्यायची वेळ येऊ नये यासाठीच ते चित्र असतं. छाटलेल्या शंकूचं बारीक टोक वर्तुळांच्या बाजूला असेल तर थर्ड अँगल, जाड टोक त्या बाजूला असेल तर फर्स्ट अँगल.

अमेरिकेतून येणारी ड्रॉइंगं थर्ड अँगलची असतात, युरोपातली बहुतेक फर्स्ट अँगलची. आपल्या मानकांची शिफारसही काळानुसार बदलली. १९६० च्या आयएस ६९६ मध्ये कल थर्ड अँगलकडे होता, १९८८ च्या एसपी ४६ ने फर्स्ट अँगल सांगितली. म्हणजे एकाच गाळ्यात जुनं देशी, नवं देशी आणि परदेशी अशी तीन प्रकारची ड्रॉइंगं येऊ शकतात. कोणती रीत चांगली, यावर वाद घालत बसण्यापेक्षा कोणती वापरली ते कागदावर सांगणं महत्त्वाचं, हे इंजिनिअरिंगने ओळखलं.

पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा, हे सांगायच्या खुणेचा प्रवासही असाच आहे. पूर्वी त्यासाठी त्रिकोण काढत. एक त्रिकोण म्हणजे खरबरीत, दोन म्हणजे बरा, तीन म्हणजे चांगला, चार म्हणजे आरशासारखा. पण तीन त्रिकोणांत ०.०२५ पासून १.६ मायक्रॉनपर्यंतचा सगळा खरबरीतपणा मावायचा. या दोन टोकांमध्ये चौसष्ट पटींचं अंतर आहे, आणि खर्चातही मोठा फरक पडतो. म्हणून त्रिकोण मागे पडले आणि आकडा आला. मग आकड्याच्या एककाचा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे तो मायक्रॉनमध्ये असतो, अमेरिकी ड्रॉइंगवर इंचाच्या दशलक्षांश भागात. तिथलं ६३ म्हणजे आपलं १.६. चिन्ह सारखं, एकक वेगळं, आणि एकक कळल्याशिवाय आकडा मुका.

एक टिंब, अनेक अर्थ

चिन्हाला स्वतःचा असा अर्थ नसतो, हे पटवून घ्यायचं असेल तर अक्षरावर दिलेलं एक टिंब पुरेसं आहे.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ लिहिलं, त्यात संख्येवर टिंब म्हणजे ती संख्या ऋण. सतराव्या शतकात न्यूटनने अक्षरावर टिंब दिलं, ते काळाबरोबर ती राशी किती वेगाने बदलते हे दाखवायला. आजही इंजिनिअर पाइपमधून दर सेकंदाला जाणारं वस्तुमान तसंच लिहितात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या स्वरलिपीत स्वरावरचं टिंब म्हणजे मंद्र सप्तक. तार सप्तकासाठी तिथे स्वरावर उभी रेघ येते.

भातखंडे आणि पलुस्कर समकालीन. एकाचा जन्म मुंबईत वाळकेश्वरला १८६० साली, दुसऱ्याचा कुरुंदवाडला १८७२ साली. दोघेही मराठी, दोघांचंही काम हिंदुस्तानी संगीत कागदावर आणायचं. तरीही एकाच टिंबाने एक वर जा म्हणतो, दुसरा खाली ये म्हणतो. उभ्या रेघेचंही तसंच. पलुस्करांकडे ती तार सप्तक दाखवते, भातखंड्यांकडे मध्यमावर आली की तो तीव्र होतो. कोमल स्वरासाठी भातखंडे स्वराखाली आडवी रेघ देतात, पलुस्कर पाय मोडतात. एकाच्या पुस्तकात शिकलेला विद्यार्थी दुसऱ्याचं पुस्तक खुणांचा खुलासा न वाचता उघडून गायला बसला, तर सा सुद्धा भलत्याच सप्तकात लागेल.

दोघांपैकी चूक कोणाचीच नाही. दोन्ही पद्धती आपापल्या परीने पूर्ण आहेत, दोन्हींवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. त्या तयार होऊ शकल्या, कारण खुणांचा खुलासा पुस्तकाबरोबर दिलेला होता: कोमल कसा ओळखायचा, सम कुठे, खाली कुठे, एका मात्रेत किती स्वर. आधी खुणा, मग बंदिश.

पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात तर आपल्या आजच्या अधिकच्या चिन्हासारखी फुली ऋण संख्येसाठी वापरलेली आहे. त्या काळच्या वाचकाला त्यात काही विचित्र वाटलं नसेल. चिन्ह ठरवण्यावर चालतं, आणि काय ठरलं आहे हे वाचकाला ठाऊक असेपर्यंत कुठलंही चिन्ह चालतं.

भास्कराचार्यांची शिस्त

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मधला. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापन केला, अशी नोंद त्यात आहे. हा शिलालेख विद्वानांच्या नजरेस आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

‘लीलावती’ उघडली की गणितं लगेच सुरू होत नाहीत. आधी परिभाषा येते. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग वजनाची मापं, लांबीची मापं, धान्याची मापं. पुढच्या कोणत्याही उदाहरणात निष्क आला तर तो किती, हे वाचकाला कोणाला विचारावं लागत नाही. ड्रॉइंगवरची चौकट जे काम करते, तेच काम ही परिभाषा करते.

‘बीजगणिता’त ते आणखी पुढे जातात. ज्याची किंमत अजून माहीत नाही, त्या राशीला ते यावत्तावत् म्हणतात आणि लिहिताना फक्त या लिहितात. अशा राशी एकाहून जास्त असतील तर पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक, म्हणजे लिहिताना का, नी, पी, लो. ज्ञात संख्येपुढे रूप या शब्दातलं रू. वर्गासाठी व, घनासाठी घ. ही आद्याक्षरं ओळखीसाठी लिहायची आहेत आणि ऋण असेल त्यावर टिंब द्यायचं आहे, हे ते वापर करण्याआधी वाचकाला सांगतात.

त्यांचं एक उदाहरण पाहू. एकाकडे ३०० रूपं आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत आणि डोक्यावर १०० रूपांचं कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, सगळ्या घोड्यांची किंमतही सारखी. तर एका घोड्याची किंमत किती? मांडणीत वरच्या ओळीत येतं या ६ रू ३००. खालच्या ओळीत येतं या १० रू १००, आणि या १०० वर टिंब. दोन ओळी एकाखाली एक आहेत, म्हणजे दोन्ही बाजू समान. वरचे ६ या खालच्या १० या मधून वजा केले की उरतात ४ या. खालचे ऋण १०० वरच्या ३०० मधून वजा केले की होतात ४००. चार घोड्यांचे चारशे, एकाचे शंभर. पडताळा घ्या: पहिल्याचे ३०० आणि ६००, म्हणजे ९००. दुसऱ्याचे १००० वजा १००, तेही ९००. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीची मांडणी आज कुठल्याही मध्यस्थाशिवाय वाचता येते, कारण लेखकाने खुणांचा अर्थ ग्रंथातच ठेवला. तो गुरुमुखातून मिळेल, असं म्हणून सोडून दिला नाही.

युरोपात १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड यांनी बरोबरचं चिन्ह पहिल्यांदा छापलं, तेव्हा त्यांनीही तिथल्या तिथे कारण दिलं: दोन समांतर रेघा घेतल्या, कारण दोन गोष्टी त्याहून अधिक सारख्या असू शकत नाहीत. नवं चिन्ह आणणाऱ्या मोठ्या माणसांनी वाचकाला अंधारात ठेवलेलं नाही.

प्रबंधातलं एक सूत्र

आता आपल्या लेखनाकडे येऊ. लेथवरच्या कटिंग स्पीडचं सूत्र आयटीआयपासून इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत सगळीकडे शिकवतात: व्ही = पाय × डी × एन ÷ १०००. पुष्कळ वह्यांमध्ये ते एवढंच लिहिलेलं असतं. मग परीक्षेत विद्यार्थी अडतो, कारण त्याला तीन गोष्टी कळलेल्या नसतात.

पहिली, १००० कुठून आले? व्यास डी मिलिमीटरमध्ये आणि वेग व्ही दर मिनिटाला मीटरमध्ये, म्हणून मिलिमीटरचे मीटर करायला १००० ने भागायचं. तो आकडा निसर्गनियमातला नाही, एककांमुळे आला आहे. व्यास मीटरमध्ये घेतला तर तो गेलाच पाहिजे. दुसरी, डी हा कशाचा व्यास? लेथवर फिरतो तो जॉब, म्हणून जॉबचा व्यास. ड्रिलिंगमध्ये फिरतं ते ड्रिल, म्हणून ड्रिलचा. मिलिंगमध्ये कटरचा. तिसरी, एन म्हणजे दर मिनिटाचे फेरे, दर सेकंदाचे नव्हेत. एवढं सांगितलं की २५ मिलिमीटरचा जॉब दर मिनिटाला ३० मीटर वेगाने कापायला सुमारे ३८२ फेरे हवेत, हे विद्यार्थी स्वतः काढतो. न सांगता त्याने व्यास मीटरमध्ये घातला, तर उत्तर तीन लाख ब्याऐंशी हजार फेरे येतं, आणि ते अशक्य आहे हे ओळखायला त्याच्याकडे काही आधार नसतो.

त्याच प्रकरणात थोडं पुढे टूल लाइफचं सूत्र येतं. फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्ये ते मांडलं: व्ही गुणिले टीचा स्मॉल एन इतका घात बरोबर सी. इथे पुन्हा एन आला. आधीच्या सूत्रात एन म्हणजे फेरे होते, इथे तो घातांक आहे. काही देशांच्या पुस्तकांत फेऱ्यांसाठीही स्मॉल एनच वापरतात. टी म्हणजे धार जाईपर्यंत टूल टिकण्याचा काळ, पण यंत्रशास्त्रात तापमानालाही टी, टॉर्कलाही टी, आणि पत्र्याच्या जाडीला स्मॉल टी. उरला सी. तो म्हणजे टूल फक्त एक मिनिट टिकेल इतका वेग. म्हणून त्याचं मूल्य वेगाच्या एककावर ठरतं. सी ४०० आहे असं लिहिलं आणि ते मीटर की फूट हे लिहिलं नाही, तर वाचक तिपटीहून जास्त चुकू शकतो.

आता तोच मजकूर समजावून लिहिला तर कसा होईल? ‘टूलची धार जाईपर्यंतचा काळ टी मिनिटं आणि कटिंग स्पीड दर मिनिटाला व्ही मीटर मानू. या दोघांचं नातं असं: वेग व्ही गुणिले काळ टीचा एन इतका घात बरोबर सी. येथे घातांक एन टूलच्या मटेरियलवर अवलंबून असतो. फेऱ्यांसाठी आपण आधी कॅपिटल एन वापरला आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. सी म्हणजे टूल एक मिनिट टिकेल असा वेग, दर मिनिटाला मीटरमध्ये. समजा एन ०.२५ आणि सी ४०० आहे. तर वेग २०० असताना टूल १६ मिनिटं टिकेल, आणि वेग १०० वर आणला तर २५६ मिनिटं.’

मजकूर चार ओळींनी वाढला. पण वेग निम्मा केला की टूल सोळापट टिकतं, ही खरी सांगायची गोष्ट पहिल्यांदाच वाचकाच्या हाती आली. खुणांचा खुलासा म्हणजे मजकुरातली भर असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्या खुलाशावाचून मुद्दाच पोचत नाही.

लिहिताना काय पाळावं

अर्थ आधी, खूण नंतर. किमान दोन्ही एकाच वाक्यात. तिसऱ्या पानावर वापरलेल्या अक्षराचा अर्थ पाचव्या पानावर सांगितला, तर मधली दोन पानं वाचकाने आंधळेपणाने वाचलेली असतात. अर्थ सांगताना नुसतं नाव पुरत नाही. एकक हवं, आणि गरज असेल तिथे मर्यादाही: हा आकडा धन आहे की ऋणही असू शकतो, पूर्णांक आहे का, शून्य चालतो का.

एका लेखात एका खुणेला एकच अर्थ असावा, आणि एका गोष्टीला एकच खूण. पहिल्या प्रकरणात वेग व्ही होता आणि चौथ्यात तो यू झाला, तर वाचक दोन वेगळे वेग शोधत बसतो. गट निरनिराळे असतील तर तेही खुणेतूनच दिसू द्यावं. कॅपिटल भोकासाठी, स्मॉल शाफ्टसाठी, हा नियम दर वेळी आठवावा लागत नाही, कारण तो एकदाच ठरतो आणि मग सगळीकडे पाळला जातो. खुणा डझनाच्या वर गेल्या की सुरुवातीला त्यांचा तक्ता द्यावा: खूण, अर्थ, एकक, पहिल्यांदा कुठे आली. तक्ता दिला म्हणून मजकुरातला खुलासा गाळू नये. वाचक शेवटच्या प्रकरणातही थेट शिरतो.

लागत नाही तिथे खूणच नको. अमेरिकेतले गणिती पॉल हॅल्मॉस यांनी गणितलेखनावरच्या १९७० च्या निबंधात हा आग्रह धरला आहे: टाळता येईल तिथे चिन्ह टाळा. राशी एकदाच येणार असेल तर तिला अक्षर देण्यात वाचकाचा काही फायदा नाही, शब्दातच सांगावी. डोनाल्ड नूथ यांनी १९८७ मध्ये स्टॅनफर्डला गणितलेखनाचा अभ्यासक्रम चालवला. त्यातल्या अगदी पहिल्या सूचना अशा: वाक्याची सुरुवात चिन्हाने करू नका, आणि दोन सूत्रं लागोपाठ येत असतील तर त्यांच्यामध्ये शब्द घाला.

छपाईचीही काळजी घ्यावी लागते. मायक्रोचं ग्रीक अक्षर जुन्या सिम्बॉल फाँटमध्ये टाइप केलेलं असेल आणि संपादकाने फाँट बदलला, तर तिथे साधा एम उमटतो. २५ मायक्रोमीटरचे २५ मिलिमीटर होतात, औषधाच्या मात्रेत मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात. दोन्हीकडे चूक हजारपट. सूत्राच्या शेवटी तळटीपेचा २ चढवला तर तो वर्ग वाटतो. जर्मन कागदावर १२,५ म्हणजे साडेबारा, कारण तिथे दशांशाला स्वल्पविराम असतो, आणि १.२५० म्हणजे साडेबाराशे. परदेशी आकडे उतरवून घेताना हे तपासलंच पाहिजे.

मराठीत लिहिताना

मराठीत सूत्रं लिहिताना एक अडचण येते, आणि तिच्यातच सोयही आहे. आपल्याकडे क्रियापदाला कर्त्याचं लिंग कळावं लागतं. टी वाढतो, टी वाढते की टी वाढतं? टी म्हणजे काळ असेल तर वाढतो, जाडी असेल तर वाढते, तापमान असेल तर वाढतं. इंग्रजीत लिहिणारा हा निर्णय टाळून पुढे जाऊ शकतो, मराठीत तसं करता येत नाही. म्हणून अक्षराच्या आधी नाव ठेवावं: काळ टी वाढतो, जाडी टी वाढते, तापमान टी वाढतं. प्रत्ययही नावालाच लागू द्यावा. ‘डीने भागा’ यापेक्षा ‘व्यास डी याने भागा’ किंवा ‘व्यासाने भागा’ हे वाचायला सरळ आणि समजायला सोपं. खूण नावाच्या सोबतीने आली की वाचकाला मागची पानं उलटावी लागत नाहीत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याची गरज जास्त आहे. शाळेत क्ष आणि य शिकलेल्या पिढ्यांना कॉलेजात अक्षरं बदलून मिळाली. ज्या आणि कोज्या म्हणणाऱ्यांना साइन आणि कॉस मिळाले. विषय कळलेला असूनही खुणा परक्या म्हणून मागे पडलेली हुशार मुलं डोंबिवलीपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत. आंतरराष्ट्रीय खुणा घ्याव्यातच, त्यांच्यावाचून पुढचा अभ्यास होत नाही. पण त्या देताना मराठी नाव, खूण आणि एकक तिन्ही एकत्र द्यावीत, आणि खूण मोठ्याने कशी वाचायची तेही सांगावं. ज्या खुणेचा उच्चार माहीत नाही, तिच्याबद्दल विद्यार्थी वर्गात प्रश्नही विचारू शकत नाही.

लेख पूर्ण झाला की तो शेजारच्या विषयातल्या एका माणसाला द्यावा. मेकॅनिकलचा प्रबंध केमिस्ट्रीच्या शिक्षकाला, अर्थशास्त्राचा लेख गणिताच्या विद्यार्थ्याला. त्याने तो मोठ्याने वाचावा, प्रत्येक खूण तिच्या नावाने आणि एककासह. जिथे तो थांबेल, मागचं पान उलटेल किंवा अंदाज करेल, तिथे खुलासा कमी पडला आहे. त्याला तोंडी समजावू नये. जे तोंडी सांगावंसं वाटलं, तेच वाक्य कागदावर त्या जागी लिहावं. लेख छापून गेल्यावर तो भुसावळला, लातूरला किंवा टोरांटोला कोणी उघडेल, तेव्हा लेखक शेजारी नसेल. त्या वाचकाला जे काही सांगायचं आहे, ते आत्ताच, त्या पानावर सांगावं लागेल. खुलासा लिहायला लेखकाला पाच मिनिटं लागतात. ती त्याने वाचवली, तर प्रत्येक वाचकाचे कित्येक तास त्यापायी जातात, आणि कधीकधी तो वाचक त्या विषयालाच मुकतो.